आमच्या नावानं युद्ध नको



गेल्या महिन्यातल्या आपल्या अभ्यासवर्गाचा विषय होता ‘युद्ध आणि स्त्रिया’. आफ्रिकेतल्या देशांत पाश्चात्त्य सत्ता फौजा का पाठवतात, यावर मी बोलले. तेल, शस्त्रांचा व्यापार, जुन्या वसाहतींवरची पकड हे सगळं नेहमीसारखं मांडलं. बोलून झाल्यावर मागे बसलेली एक नवी कार्यकर्ती उठली आणि म्हणाली, “ताई, तेलाचं पटलं. पण तिथल्या बायकांवर बलात्कार होत असतील तर कुणीच जायचं नाही का? शेजारच्या घरात नवरा बायकोला मारत असेल तर आपण दार ठोठावतोच ना?”

वर्ग एकदम गप्प झाला. माझ्याकडेही नीट उत्तर नव्हतं. “यावर पुन्हा बोलू” म्हणून मी वेळ मारून नेली. त्या मुलीचं राहिलेलं उत्तर या अंकात द्यायचा प्रयत्न करते आहे. त्याआधी एक कबुली द्यायला हवी. मार्च २०११ मध्ये लिबियावर बॉम्बफेक सुरू झाली, तेव्हा निषेधाचं पत्रक काढावं का, अशी चर्चा आपल्या गटात निघाली होती. “थांबू या. तिथल्या बायकांची सुटका होत असेल तर आपण कोण अडवणारे?” असं म्हणणारी मीच होते. पत्रक निघालं नाही. म्हणजे हा प्रश्न त्या मुलीचा आहे तसाच माझाही आहे.

गद्दाफीची बाजू घेण्याचं काही कारण नाही. बेचाळीस वर्षं त्यानं देश मुठीत ठेवला. मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, हे खरं. पण त्याच राजवटीत ‘सामाजिक पुनर्वसन’ या नावाखाली स्त्रियांना डांबून ठेवणाऱ्या संस्था होत्या. बलात्कार झालेल्या आणि घरच्यांनी टाकलेल्या मुलीही त्यात होत्या, असं ह्यूमन राइट्स वॉचनं २००६ साली जगापुढे आणलं. आपल्याकडची ‘सुधारगृहं’ आतून पाहिलेल्या कार्यकर्तीला यावर जास्त काही सांगायला नको.

लिबियातल्या उठावाच्या मुळाशीही स्त्रिया होत्या. त्रिपोलीच्या अबू सलीम तुरुंगात १९९६ साली सुमारे १२०० कैदी मारले गेले. घरच्यांना कळवलंच नाही. बाया वर्षानुवर्षं मुलासाठी, नवऱ्यासाठी कपडे-खाणं घेऊन तुरुंगाच्या दाराशी जात राहिल्या आणि पहारेकरी ते घेत राहिले. पुढे याच आया, बहिणी, विधवा बेनगाझीच्या रस्त्यावर फोटो घेऊन उभ्या राहू लागल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या वकिलाला अटक झाली आणि ठिणगी पडली. उठाव लोकांचा होता, हे मी मुद्दाम सांगते. तो बाहेरून आणलेला नव्हता.

पण महिन्याभरात तो लोकांच्या हातून गेला. १७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेनं १९७३ क्रमांकाचा ठराव केला. नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजायला त्यानं परवानगी दिली. दहा मतं बाजूनं पडली, त्यात दक्षिण आफ्रिका, नायजेरिया आणि गॅबॉन हे तिन्ही आफ्रिकी सदस्य होते. भारतासह पाच देश तटस्थ राहिले. आफ्रिकी संघाची समिती वाटाघाटीसाठी त्रिपोलीला जायला निघाली होती. तिच्या विमानाला परवानगी मिळाली नाही आणि १९ मार्चला बॉम्ब पडू लागले. ती समिती त्रिपोलीला पोचली ती १० एप्रिलला. तोवर बोलणी करण्यात बंडखोरांच्या नेत्यांना रस उरला नव्हता. आकाशात नाटोची विमानं असताना ते कशाला बसतील?

आता बलात्काराच्या प्रश्नाकडे येते. त्याच वसंतात बातमी पसरली की गद्दाफी आपल्या सैनिकांना कामोत्तेजक गोळ्या वाटतो आणि बलात्काराचे हुकूम देतो. अमेरिकेच्या राजदूत सुझन राईस यांनी एप्रिलमध्ये ही गोष्ट सुरक्षा परिषदेच्या बंद बैठकीत मांडली. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सरकारी वकील लुईस मोरेनो ओकाम्पो यांनी ती पत्रकारांपुढे सांगितली. पण ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या प्रतिनिधी तीन महिने लिबियात फिरून आल्या होत्या आणि त्यांना त्याला पुरावा सापडला नाही. राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगानं मार्च २०१२ च्या अहवालात म्हटलं की बलात्कार झाल्याची माहिती आहे, तिचा पुढे तपास व्हायला हवा. पण वरून ठरवून राबवलेल्या धोरणाला पुरावा मिळालेला नाही.

हे वाचताना मला अवघडल्यासारखं होतं, तुम्हालाही होईल. आपली चळवळ उभी राहिली तीच मुळी बाईवर विश्वास ठेवा, या आग्रहातून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून आपण ते ओळखतो. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं आणि त्यावर १९७९ साली चार कायदेपंडितांनी लिहिलेल्या पत्रानं देशभरच्या बायका जाग्या झाल्या. मग आता आम्हीच बलात्काराच्या बातमीवर संशय घ्यायचा?

उत्तर असं आहे की बाईचं ऐका, असं आपण म्हणालो होतो. बाईच्या नावानं बोलणाऱ्या सत्तेचं ऐका, असं आपण कधीच म्हटलं नव्हतं. गोळ्यांची गोष्ट कुणा पीडित स्त्रीनं सांगितलेली नव्हती. ती राजदूतांनी आणि वकिलांनी सांगितली, आणि नेमक्या वेळी सांगितली.

जिनं स्वतः सांगितलं, तिचं काय झालं ते पाहा. २६ मार्च २०११ रोजी एक तरुणी त्रिपोलीतल्या परदेशी पत्रकारांच्या हॉटेलात धावत शिरली. गद्दाफीच्या सैनिकांनी आपल्याला डांबून सामूहिक बलात्कार केला, असं ती ओरडून सांगू लागली, अंगावरचे वळ दाखवू लागली. सरकारी माणसांनी कॅमेऱ्यांसमोर तिला ओढत नेऊन गाडीत कोंबलं. तिचं धाडस जगभर दाखवलं गेलं आणि युद्धाच्या समर्थकांनी ते भरपूर वापरलं. पुढे ती कशीबशी देशाबाहेर पडून कतारला पोचली. कतार नाटोच्या बाजूनं लिबियावर विमानं पाठवणारा देश. त्यानं जूनमध्ये तिला जबरदस्तीनं परत लिबियात, बेनगाझीला पाठवून दिलं. तिच्या किंकाळीचा उपयोग होता तोवर ती सगळ्यांची होती. तिला छप्पर हवं झालं तेव्हा ती कुणाचीच नव्हती.

बलात्काराच्या आरोपाचा आणखी एक उपयोग झाला. मिसराता शहराजवळ तावेर्घा नावाचं काळ्या वर्णाच्या लिबियन लोकांचं गाव होतं, सुमारे चाळीस हजार वस्तीचं. तिथल्या पुरुषांनी गद्दाफीच्या बाजूनं लढताना मिसरातातल्या बायकांवर बलात्कार केले, असा आरोप झाला. ऑगस्ट २०११ मध्ये मिसरातातल्या सशस्त्र टोळ्यांनी अख्खं गाव रिकामं केलं. घरं लुटली, जाळली. त्या गावातल्या बायका आणि पोरं पुढे कित्येक वर्षं छावण्यांत राहिली. २०१८ साली कुठं थोडे लोक परतू लागले. ‘आमच्या बायकांवर हात टाकला’ अशी आवई उठवून वस्त्या कशा पेटवल्या जातात, हे आपण आपल्या दंगलींत पाहिलं आहे. ‘आमच्या’ बायकांचा बदला ‘त्यांच्या’ बायकांना बेघर करून घेतला जातो. आणि मिसरातातल्या ज्या स्त्रियांवर खरोखर अत्याचार झाला असेल, त्यांना न्याय मिळाला का? ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

नाटोची मोहीम ३१ ऑक्टोबर २०११ रोजी संपली. अकरा वर्षांपूर्वी, ३१ ऑक्टोबर २००० रोजी, याच सुरक्षा परिषदेनं स्त्रिया, शांतता आणि सुरक्षेचा १३२५ क्रमांकाचा ठराव केला होता. शांततेच्या बोलण्यांत स्त्रियांना स्थान हवं, असं सांगणारा ठराव. लिबियात त्याची कुणाला आठवण झाली नाही. विमानांची सुमारे सव्वीस हजार उड्डाणं झाली. ह्यूमन राइट्स वॉचनं नंतर आठ हल्ल्यांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यात मेलेल्या ७२ नागरिकांपैकी २० स्त्रिया आणि २४ मुलं होती. नाटोनं या मृत्यूंची नीट चौकशीही केली नाही.

आणि एक होडी. मार्चच्या अखेरीस त्रिपोलीहून ७२ माणसं एका रबरी होडीतून इटलीकडे निघाली. इथिओपिया, इरिट्रिया, घाना, नायजेरिया, सुदान इथली पोटासाठी आलेली आणि युद्धातून पळणारी ही माणसं. त्यांत वीस स्त्रिया होत्या, दोन तान्ही बाळं होती. इंधन संपलं. एका हेलिकॉप्टरनं वरून पाणी आणि बिस्किटं टाकली आणि ते गेलं ते परत आलंच नाही. एक मोठं लष्करी जहाज जवळ येऊन निघून गेलं. दोन आठवडे होडी भरकटत राहिली. ६३ माणसं मेली. नागरिकांच्या रक्षणासाठी आलेल्या जहाजांनी भरलेल्या समुद्रात हे घडलं, असं युरोप परिषदेच्या २०१२ च्या अहवालातच नमूद आहे.

गद्दाफी २० ऑक्टोबर २०११ रोजी मारला गेला. तीन दिवसांनी बेनगाझीच्या मैदानात हंगामी सरकारचे प्रमुख मुस्तफा अब्दुल जलील यांनी देश मुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्याच भाषणात ते म्हणाले की दुसरं लग्न करण्यावर बंधन घालणारा कायदा शरियतच्या विरुद्ध आहे, म्हणून तो रद्द. हजारो माणसं मेली, त्यानंतरच्या पहिल्या जाहीर भाषणात पुरुषाला दिलेली ही भेट! फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पहिल्या बायकोच्या संमतीची अट काढून टाकली.

बायका तरीही मागे हटल्या नाहीत. २०१२ च्या निवडणुकीत दोनशेपैकी ३३ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. पण हत्यारं टोळ्यांकडे होती आणि त्यांना नि:शस्त्र करण्याची जबाबदारी कुणी घेतली नव्हती. वकील सलवा बुगाईगिस उठावाच्या पहिल्या दिवसांत बेनगाझीच्या न्यायालयासमोर उभ्या राहिलेल्यांपैकी एक. २५ जून २०१४ रोजी मतदान करून त्या घरी आल्या आणि घरातच त्यांना गोळ्या घातल्या. तीन आठवड्यांनी डेर्ना शहरात माजी लोकप्रतिनिधी फरीहा अल-बरकावी यांचा खून झाला. जुलै २०१९ मध्ये खासदार सिहाम सर्गिवा यांना बेनगाझीतल्या घरातून उचलून नेलं, त्यानंतर त्या कुणाला दिसल्या नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये वकील हनान अल-बरासी यांना त्याच शहरात भर रस्त्यात मारलं. या बायकांना ‘वाचवायला’ एकही विमान उडालं नाही. उडावं, असं मी म्हणत नाही. कुणाचं रक्षण कधी आठवतं, तेवढंच दाखवते आहे.

इथं आपल्यालाही एक गोष्ट सोसावी लागेल. या युद्धासाठी वॉशिंग्टनमध्ये सर्वांत जास्त आग्रह धरणाऱ्यांत हिलरी क्लिंटन, सुझन राईस आणि समंथा पॉवर या तिघी होत्या. गद्दाफीच्या मरणाची बातमी आल्यावर क्लिंटनबाई कॅमेऱ्यासमोर हसल्या, ते चित्र मी विसरू शकत नाही. स्त्रिया निर्णयाच्या जागी आल्या की जग बदलेल, असं आपण म्हणत आलो. खुर्ची तीच राहिली आणि फक्त बसणारी व्यक्ती बदलली, तर बॉम्बही तेच राहतात.

आणि खुर्च्यांचे हिशेब काय होते? २००४ साली युरोपनं गद्दाफीवरची शस्त्रबंदी उठवली आणि युरोपीय देश त्याला हत्यारं विकू लागले. २००७ च्या डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांनी त्याला पॅरिसला पाहुणा म्हणून बोलावलं. २००८ साली इटलीनं त्याच्याशी मैत्रीचा करार केला, त्यात समुद्रातून येणाऱ्या गरिबांना अडवण्याचं कलम होतं. सार्कोझींनीच पुढे बॉम्बफेकीचा पुढाकार घेतला. २००७ च्या निवडणुकीसाठी गद्दाफीकडून पैसा मिळवण्याच्या कटाबद्दल पॅरिसच्या न्यायालयानं त्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली, त्यावर त्यांनी अपील केलं. २०१६ साली ब्रिटिश संसदेच्या समितीनंच कबूल केलं की नागरिकांना असलेला धोका फुगवून सांगितला गेला होता. त्याच वर्षी ओबामा म्हणाले की नंतरच्या दिवसांची तयारी न करणं ही आपली सर्वांत मोठी चूक. चूक त्यांची, आणि किंमत? २०१७ साली त्रिपोलीजवळ आफ्रिकी मजुरांची बोली लावून विक्री होत असल्याची चित्रं जगानं पाहिली.

आग लिबियात थांबली नाही. गद्दाफीच्या कोठारांतली हत्यारं आणि त्याच्या फौजेतले तुआरेग सैनिक वाळवंट ओलांडून मालीत गेले. २०१२ मध्ये मालीचा उत्तर भाग सशस्त्र धर्मांध गटांच्या हाती गेला. टिंबक्टूत डोकं झाकलं नाही म्हणून बायकांना फटके मारले, जबरदस्तीनं लग्नं लावली. मग जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सचं सैन्य ‘वाचवायला’ आलं. शहरं सुटली तेव्हा लोकांनी खरोखर आनंद केला, तेही नाकारायला नको. पण सैन्य साडेनऊ वर्षं राहिलं. जानेवारी २०२१ मध्ये बाउंटी गावाजवळ फ्रेंच विमानांनी लग्नाला जमलेल्यांवर बॉम्ब टाकला. राष्ट्रसंघाच्या चौकशीनुसार मेलेल्या २२ जणांपैकी १९ नागरिक होते. फ्रान्सनं ते मान्य केलं नाही. नंतर लष्करशहांनी फ्रान्सला घालवलं आणि रशियाचे भाडोत्री सैनिक आणले. मार्च २०२२ मध्ये मौरा गावात मालीच्या सैन्यानं आणि या परदेशी सैनिकांनी किमान पाचशे माणसं मारली आणि किमान ५८ स्त्रिया-मुलींवर बलात्कार व इतर लैंगिक अत्याचार केले, असं राष्ट्रसंघाचा अहवाल सांगतो. पश्चिमेचा मालक गेला आणि पूर्वेचा आला, एवढ्यानं बाईची सुटका होत नाही. साम्राज्यवादविरोधाच्या घोषणा देणाऱ्या आपल्या पुरुष मित्रांनाही हे सांगावं लागेल.

मग बाहेरच्या बाईनं काय करायचं? एक जुनं उदाहरण माझ्यापुढे आहे. मे १९५८ मध्ये अल्जीरियात फ्रेंच राजवटीनं स्थानिक बायकांचे बुरखे जाहीर सभेत उतरवण्याचे सोहळे केले. आम्ही यांना मुक्त करतो आहोत, हे जगाला दाखवायचं होतं. दोनच वर्षांनी त्याच राजवटीच्या सैनिकांनी जमीला बुपाशा या तरुण स्वातंत्र्यसैनिक मुलीचा अनन्वित छळ केला, बलात्कार केला. तेव्हा पॅरिसमधल्या वकील जिझेल हलिमी यांनी तिचं वकीलपत्र घेतलं आणि सिमोन द बोव्हुआर यांनी जून १९६० मध्ये ‘ल माँद’ या वृत्तपत्रात तिच्यासाठी लेख लिहिला. त्यांनी जमीलाचं ऐकलं, तिच्या नावानिशी बोलल्या आणि जाब विचारला तो स्वतःच्या सरकारला. माझ्या मते भगिनीभाव म्हणतात तो हाच.

आणि दुसरं उदाहरण आफ्रिकेतल्याच बायकांचं. लायबेरियात चौदा वर्षं यादवी चालली. २००३ साली लेमा बोवी आणि तिच्या मैत्रिणी, ख्रिस्ती आणि मुसलमान एकत्र, पांढरे कपडे घालून मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज उन्हापावसात बसू लागल्या. घानामध्ये अक्राला बोलणी रेंगाळली, तेव्हा त्या तिथं गेल्या आणि सभागृहाची दारं अडवून बसल्या. समझोता होईपर्यंत कुणाला बाहेर सोडणार नाही, म्हणाल्या. पहारेकरी अटक करायला आले तेव्हा बोवीनं स्वतःच्या अंगावरचे कपडे उतरवायला घेतले. आईच्या वयाच्या बाईनं असं करणं तिकडे शाप समजतात, पुरुष मागे सरले. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. फक्त त्यांच्यामुळे झाला, असं मी म्हणणार नाही. पण दार अडवणाऱ्या त्या होत्या. बाहेरची मदत तिथंही आली. करारानंतर राष्ट्रसंघाची शांतिसेना आली आणि २००७ पासून २०१६ पर्यंत तीत आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडीही होती. आधी तिथल्या लोकांचा करार झाला, नंतर राष्ट्रसंघाची माणसं आली. लिबियात हाच क्रम उलटा केला गेला.

तेव्हा त्या मुलीला माझं उत्तर असं: शेजारच्या घरात मारहाण होत असेल तर दार ठोठवायचंच. ते आपण सोडणार नाही. पण दार ठोठावताना आपण घर पेटवत नाही. ज्यानं काल त्या नवऱ्याला काठी विकली, त्याला आज सोबत घेऊन जात नाही. आणि आत गेल्यावर पहिल्यांदा त्या बाईला विचारतो, “तुला काय हवं?” परकी विमानं ज्या देशावर घिरट्या घालतात, तिथल्या बाईला हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

पुढच्या वेळी कुठल्याही देशावर बॉम्ब टाकताना ‘तिथल्या स्त्रियांसाठी’ असं कुणी म्हणेल आणि आपल्याकडे सह्या मागेल, तेव्हा आपण थांबायचं, पण २०११ साली मी थांबले तसं गप्प राहून नव्हे. तिथल्या बायकांच्या संघटना काय म्हणताहेत ते शोधायचं, हत्यारं कुणी विकली ते विचारायचं, आणि पळून येणाऱ्या बाईला तुम्ही दार उघडणार आहात का, हेही विचारायचं. तेव्हा न काढलेल्या पत्रकाचा मथळा मी आज या संपादकीयाला दिला आहे. आपापल्या गटात त्यावर बोला, पटलं नाही ते कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा ठेवली आहे.